काहून दीदी

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये सरांनी फळ्यावर कॅनिझारोची रिअ‍ॅक्शन लिहिली, तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि "याद कर लो, घुमा-फिरा के हर बार आती है," असं म्हणून ते पुढच्या रिअ‍ॅक्शनकडे वळले. तेवढ्यात मागून आवाज आला, "लेकिन सर, काहून?"

वर्गातल्या निम्म्या मुलांना तो शब्दच कळला नाही. सरांनाही नाही. ते खडू तसाच धरून थांबले. "क्या हुआ?"

"हुआ नहीं सर, काहून. मतलब, क्यों. दोनों एक जैसे बेंझाल्डिहाइड हैं ना? एकाच बाटलीतले. फिर एक का अ‍ॅसिड बनता है और दूसरे का अल्कोहोल, ऐसा काहून?"

"मॅडम, परीक्षा में क्यों नहीं पूछते. क्या बनेगा, ये पूछते हैं."

"वो पूछते नहीं, तो आप बताओगे भी नहीं?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि "क्लास के बाद," एवढंच म्हणाले. त्या दिवसापर्यंत मुलं ज्यांना आंटी म्हणत होती, त्या रंजनावहिनी त्या दिवसापासून काहून दीदी झाल्या.

आम्ही रांझीला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आम्ही वर, वहिनींचं गायधने कुटुंब खाली. माझे बाबा आणि वहिनींचे मिस्टर, प्रमोदभैया, एकाच फॅक्टरीत. वहिनींचे सासरे, आबाजी, तिथूनच रिटायर झालेले. दोन्ही घरं मूळची काटोल-सावनेरकडची, त्यामुळे दाराच्या आत मराठी आणि उंबरा ओलांडला की हिंदी, असा सगळ्यांचा हिशेब होता. वहिनींचा हा हिशेब मात्र पक्का नव्हता. जीव खालीवर झाला की त्यांच्या हिंदीत मराठी शब्द पडायचे, आणि त्यांचा जीव कायमच खालीवर असायचा.

तेव्हा मी बारावी होऊन एक वर्ष घरी राहून मेडिकल-डेंटलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होते. वहिनी चौतिशीच्या. मुलगी पीहू तिसरीत. वर्गातल्या आम्हा सगळ्यांना एमबीबीएस हवं होतं, आणि ते नाहीच मिळालं तर मग डेंटल, असं पडेल चेहऱ्यानं म्हणायची रीत होती. पहिल्यापासून दातच हवे असलेल्या माझ्या माहितीत वहिनी एकट्याच.

त्याचं कारण आबाजी. फॅक्टरीत असताना त्यांच्या गालात दिवसभर गुटखा असायचा. रिटायर होईपर्यंत त्यांचं तोंड इतकं आखडलं की घास जाईना. पोळी वरणात कालवून, चमच्याच्या टोकानं आत सारायची. बोलणं तर घरातल्यांनाही कळायचं नाही. फक्त वहिनींना कळायचं. प्रमोदभैया बापाकडे पाहायचे आणि मग बायकोकडे. "काय म्हणून राहिले?" आणि वहिनी पातेलं घासता घासता सांगायच्या, "पंखा कमी करा म्हणतात."

त्या आबाजींना घेऊन वहिनी दातांच्या दवाखान्यात गेल्या. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं गालाच्या आतली कातडी कशी ताठ झाली ते दाखवलं, गुटखा बंद करायला सांगितला, तोंड उघडण्याचे व्यायाम सांगितले. वहिनींनी तिला इतकं काहून काहून विचारलं की ती शेवटी हसून म्हणाली, "आप खुद ही डेंटिस्ट क्यों नहीं बन जातीं?"

वहिनी हसल्या नाहीत. "बन सकते हैं क्या? इस उमर में?"

डॉक्टर म्हणाली की वरच्या वयाची अट आता नाही, परीक्षा मात्र द्यावी लागेल. आबाजींना ऑटोतून उतरवून वहिनी आपल्या घरात न जाता तडक जिना चढून आमच्याकडे आल्या. धापा टाकत होत्या. "अनू, तुझी ती परीक्षा. माझी बारावी पांढुर्ण्याची आहे, सायन्सची. चालते का?"

आईला वाटलं, उन्हाचा झटका आला असेल. तिनं त्यांना पाणी दिलं. वहिनी ते उभ्यानंच प्यायल्या.

उभ्यानं म्हणजे, वहिनींचं सगळं उभ्यानंच असायचं. चहा हातात घेऊन त्या खोलीभर फिरायच्या, कप टीव्हीवर ठेवायच्या, मग दुसऱ्या दिवशी तो आम्हाला सापडायचा. एका खोलीत सुरू झालेलं वाक्य दुसऱ्या खोलीत संपायचं. अभ्यासाला त्यांनी कधी टेबल घेतलं नाही. स्वयंपाकघरातला कडाप्प्याचा काळा ओटा हाच त्यांचा फळा. कुकरच्या शिट्या होईपर्यंत त्या खडूनं त्यावर बेंझिनचे षटकोन काढायच्या, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो त्याचे वाकडे बाण काढायच्या आणि पोळ्या लाटायच्या वेळी ओल्या फडक्यानं पुसून टाकायच्या. प्रमोदभैया डबा उघडून म्हणायचे, "आज भाजीत ओट्यावरचा ग्रिन्यार पडला वाटते." ते चांगले माणूस होते. बायकोचं हे वेड आहे, वर्षभरात ओसरेल, असं ते माझ्या बाबांना सांगायचे. तेही प्रेमानंच.

क्लासला आम्ही दोघी त्यांच्या स्कूटीवर जायचो. रांझीपासून नेपियर टाउनपर्यंत त्या मान मागे वळवून मला रिअ‍ॅक्शन विचारायच्या आणि मी समोरून येणाऱ्या बसकडे पाहत उत्तरं द्यायचे. माझी कितीतरी उत्तरं भीतीनं बरोबर आली.

एकदा आम्ही गोहलपुरात गेलो होतो. डॉक्टरनं आबाजींच्या व्यायामासाठी एक लाकडी निमुळता स्क्रू वापरायला सांगितला होता. तो दातांमध्ये धरून हळूहळू फिरवायचा, म्हणजे तोंड रेषारेषेनं उघडतं. तो बाजारात मिळेना, म्हणून गोहलपुरातल्या एका लाकूड कातणाऱ्याकडून करून घ्यायचा होता. परतताना गल्लीत आमची स्कूटी अडकली. पुढे आडवा उभा लोडिंग ऑटो, एका बाजूला लोखंडी ग्रिलची चळत, दुसऱ्या बाजूला वेल्डिंग चाललेलं, मागे हॉर्न. मी घामानं भिजले होते. आणि वहिनींचा चेहरा उजळला.

"अनू! पाह्य! इथं मागून कोणी घुसू शकते का?"

"वहिनी, लोक ओरडून राहिले."

"ओरडू दे. सांग ना. घुसू शकते?"

"नाही."

"मग मागच्याला जागा कशी मिळेल?"

"पुढचा ऑटो निघाला तर."

"हां! आधी हा निघाला, मग तो आला. हीच तर एसएन-वन रिअ‍ॅक्शन आहे! टर्शरी कार्बनला चारी बाजूंनी गर्दी, मागून कोणी येऊच शकत नाही, म्हणून आधी एकाला निघून जावं लागते. सर नुसतं म्हणतात, टर्शरी में एसएन-टू नहीं होगा, म्हणजे मागून घुसणं नाही. अरे, पण काहून नहीं होगा, ते हे आहे!" आणि त्यांनी त्या सगळ्या गल्लीकडे, ठिणग्यांकडे, चिडलेल्या लोकांकडे हात पसरून दाखवलं.

ऑटोवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "दीदी, मैं तो निकल जाऊँ, आप मेरे आगे से हाथ तो हटाओ."

तो स्क्रू आबाजी रोज सकाळी व्हरांड्यात बसून लावायचे. लाळ गळायची, डोळ्यांत पाणी यायचं. त्या वेळी वहिनी त्यांच्यापुढे येरझारा घालत नेम रिअ‍ॅक्शन्स मोठ्यानं म्हणायच्या. अल्डॉल कुणाची होते, कॅनिझारो कुणाची होते, अल्फा हायड्रोजन असला तर काय, नसला तर काय. मी हसले की म्हणायच्या, "आबाजींसारखा विद्यार्थी नाही. तोंड उघडं ठेवून ऐकतात." आबाजींच्या नरड्यातून एक घरघर यायची. ते हसत असायचे.

पण टेस्ट सिरीज सुरू झाली आणि वहिनींचे मार्क फार कमी यायला लागले. त्यांना येत सगळं होतं. पण प्रत्येक प्रश्नाला त्या मुळापासून जायच्या, बाण काढत बसायच्या, आणि घंटा झाली की अर्धा पेपर कोरा. आमच्यातला एखादा ज्याला कशातलंच काही कळलेलं नसायचं, तो पाठांतरावर त्यांच्या पुढे जायचा. सरांनी त्यांना बाजूला बोलावलं. सर वहिनींहून लहान होते, म्हणून फार अदबीनं बोलले. "मॅडम, आप केमिस्ट्री पढ़ रही हैं. बाकी सब परीक्षा पढ़ रहे हैं."

त्या दिवशी वहिनींनी स्कूटी सरळ समोर पाहत चालवली. घरी आल्या तर पीहूनं ओट्यावरची सगळी रिअ‍ॅक्शन हातानं पुसून तिथं एक मांजर काढलं होतं. वहिनींचा हात उगारला गेला. पीहूनं डोळे मिटून घेतले. मग तो हात तसाच खाली आला, वहिनींनी चप्पल घातली आणि त्या पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानात चालत सुटल्या. मी मागे गेले. कितीतरी वेळ त्या फेऱ्या मारत होत्या, मी त्यांच्याबरोबर अर्धी पळत होते.

"आईनं मारावं असं तिनं काही केलं नाही," त्या म्हणाल्या. "मांजर चांगलं काढलं होतं. शेपटी तर फार छान."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "तीन तास काहून विचारायचं नाही. तीनच तास. हे जमवायला पाहिजे मला." आणि ते त्यांनी जमवायला घेतलं, जसं कोणी जेवण सोडायला घेतं. घड्याळ लावून पेपर सोडवायच्या. एखाद्या प्रश्नापाशी हात अडकला की स्वतःलाच मोठ्यानं म्हणायच्या, "चलो, आगे!" वर आमच्या घरात ऐकू यायचं. सरांनीही त्यांच्यासाठी एक सवलत ठेवली. क्लास संपताना ते खडू झटकून म्हणायचे, "चलो, अब दीदी का काहून." आणि सांगायचे. कॅनिझारोत एक जण आपला हायड्रोजन इलेक्ट्रॉनांसकट दुसऱ्याला देऊन टाकतो, म्हणून देणारा अ‍ॅसिड होतो आणि घेणारा अल्कोहोल. आधी आम्ही बॅगा भरून निघून जायचो. नंतर कोणी जाईनासं झालं.

पहिल्या वर्षीच्या परीक्षेला सेंटरच्या फाटकावर दागिने काढायला सांगत होते. वहिनींनी बांगड्या, कानातलं, सगळं काढून प्रमोदभैयांच्या हातात दिलं. नाकातली फुली निघेना. लग्नात घातली तेव्हापासून ती कधी काढलीच नव्हती. तपासणारी बाई दमलेली होती, मागे रांग होती. प्रमोदभैया म्हणाले, "राहू दे ना रंजना. चल घरी. पुढच्या वर्षी पाहू." वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, दोन बोटांनी फुली धरली आणि पिळून ओढून काढली. नाकपुडीतून रक्ताचा ओघळ ओठावर आला. तो ओढणीनं पुसून त्या आत गेल्या.

त्या वर्षी त्यांचा नंबर लागला नाही. माझाही नाही. मी बी.एस्सी. केमिस्ट्रीला नाव घातलं. अल्डॉल आणि कॅनिझारो माझ्या डोक्यात इतक्या वहिनींच्या आवाजात बसल्या होत्या की दुसरं काही शिकावंसं वाटेना. आईला वाटलं होतं, आता खालच्या मजल्यावरही शांतता होईल. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आवाज आला, "आबाजी, आज फ्रीडल-क्राफ्ट्स."

दुसऱ्या वर्षी परीक्षा जवळ आली असताना वहिनींना टॉर्चच्या उजेडात आबाजींच्या गालात एक नवा पांढरा चट्टा दिसला. हॉस्पिटलमध्ये तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस वहिनींनी कसे काढले ते आम्ही वरून ऐकत होतो. भांडी पडायची, दार उघडायचं, पुन्हा लागायचं. आबाजी मात्र व्हरांड्यात शांत बसलेले. रिपोर्ट आणायला त्या मला घेऊन गेल्या. कॅन्सर नव्हता. वहिनींनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि हॉस्पिटलच्या बाहेर येऊन भराभर चालू लागल्या. फाटकाशी एक माणूस मोटरसायकलला टेकून गुटख्याची पुडी दातानं फाडत होता. वहिनी त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"भैया, मुँह खोलो."

"क्या?"

"मुँह खोलो, मैं देखती हूँ."

तो इतका चकित झाला की त्यानं तोंड उघडलं. वहिनींनी मान वाकडी करून आत पाहिलं. आजूबाजूला लोक थांबले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"अभी ठीक है," वहिनी म्हणाल्या. "अभी पूरा खुलता है. फेंक दो वो."

त्यानं पुडी खरंच टाकून दिली. आम्ही वळणावर गेल्यावर त्यानं दुसरी घेतली असेल. पण वहिनी स्कूटीवर बसल्या आणि मग रडल्या. हेल्मेटच्या आत. मी मागे बसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

त्या वर्षी त्यांचा नंबर लागला. सरकारी डेंटल कॉलेज, इंदूर. माझ्याच लॅपटॉपवर ते पान उघडलं, म्हणून त्या वेळी मी त्यांच्या घरात होते. पीहू नाचली. वहिनी नाचल्या नाहीत. त्या प्रमोदभैयांकडे पाहत होत्या. भैया खुर्चीत मागे टेकून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला दिसलं की हे सगळं खरं होईल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"इंदूर," ते म्हणाले. "जबलपूर नाही."

"इथं सरकारी नाही ना."

"पाच वर्षं, रंजना. पीहू चौदा-पंधरा वर्षांची होईल. बाबांचं कोण करेल? मी शिफ्टमध्ये असतो."

"मला माहीत आहे."

"मी नाही म्हणून नाही राहिलो. मी विचारून राहिलो. कसं होईल, सांग."

वहिनी ओट्याकडे गेल्या, तिथून दाराकडे, परत ओट्याकडे. तेवढ्यात व्हरांड्यातून आबाजी उठून आत आले. भिंतीला धरून उभे राहिले आणि त्यांच्या त्या आखडलेल्या तोंडातून लांबलचक काहीतरी बोलले. इतकं लांब ते कधी बोलत नसत. लाळ हनुवटीवर आली. ती पुसायचं भानही त्यांना राहिलं नाही.

भैयांनी नेहमीसारखं बायकोकडे पाहिलं. "काय म्हणून राहिले?"

वहिनींनी सांगितलं नाही. त्यांनी पदरानं आबाजींची हनुवटी पुसली. मग हळू म्हणाल्या, "तुमचे बाबा आहेत. तुम्हीच विचारा."

भैया उठले. वडिलांच्या अगदी जवळ गेले, कान त्यांच्या तोंडाशी नेला. आबाजी पुन्हा बोलले, या वेळी हळूहळू, एकेक शब्द तोडून. भैयांनी दोनदा विचारलं, "काय? पुन्हा सांगा." मग समजलं.

"पीहूची शाळा ते पाहतील म्हणतात," भैया आमच्याकडे न पाहता म्हणाले. "पोहोचवायची, आणायची. वरणभात लावता येतो म्हणतात. माझी आई गेली तेव्हा मला त्यांनीच..." पुढचं त्यांनी म्हटलं नाही. ते बाहेर जाऊन मोटरसायकल पुसू लागले, जी सकाळीच पुसली होती.

वहिनी सकाळच्या बसनं गेल्या. निरोपाच्या वेळी त्या सारख्या उतरत होत्या, पीहूला काहीतरी सांगायला, पाण्याची बाटली घ्यायला, आबाजींची गोळी कुठे आहे ते सांगायला. शेवटी कंडक्टर वैतागून म्हणाला, "मॅडम, जाना है कि नहीं?" त्यावर प्रमोदभैया म्हणाले, "जाना है. इनको ही जाना है," आणि त्यांनीच वहिनींना दंडाला धरून पायरीवर चढवलं.

पुढच्या वर्षी मी मावसबहिणीच्या लग्नाला इंदूरला गेले तेव्हा त्यांना भेटायला कॉलेजात गेले. मधल्या सुट्टीत त्या धावत बाहेर आल्या. पांढरा अ‍ॅप्रन, केस आखूड केलेले, बोटांवर गरम मेणाचे चटके. पहिल्या वर्षाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात, त्यांचा दाढेचा ठोकळा पुन्हा पुन्हा परत येत होता. "हात थरथरते," त्या म्हणाल्या. "पोरींचे हात कसे लोण्यासारखे चालतात. मी रागानं कोरते." मग त्यांनी एका दमात सगळं विचारलं. आईची शुगर, माझं कॉलेज, क्वार्टरचं पाणी, प्रमोदभैया नीट जेवतात का. मी सांगत गेले.

"पीहूचे केस कोण विंचरते? फोनवर विचारलं की दोघंही हसतात, सांगत नाहीत."

"आबाजी," मी म्हटलं. "शेजारच्या काकू विंचरून देते म्हणाल्या होत्या. पण ते करू देत नाहीत. भांग वाकडा पडतो. दोन वेण्या दोन उंचीच्या असतात. पीहू तशीच शाळेत जाते. कुणी हसलं तर भांडते."

वहिनी हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या. मग आतून घंटा झाली, कोणीतरी त्यांचं नाव पुकारलं. अ‍ॅप्रनच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले. बाहीवरचं मेण गालाला चिकटलं, ते त्यांना कळलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर त्या कॉरिडॉरच्या टोकाला पोहोचल्या होत्या, खांद्यानं दार ढकलून आत शिरत होत्या.